तिसऱ्या बाकावरचा होकार

शुक्रवारी दुपारी प्राचार्य मॅडम स्वतः स्टोअरमध्ये आल्या, हाडांच्या सांगाड्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, बुधवारी समितीसमोर माझा पाठ आहे. शेवटी मी विचारीन, कळलं का. तेव्हा तुम्ही हो म्हणा." एवढंच बोलून त्यांनी हात काढला, बोटाला लागलेली धूळ बघितली, ती कुठं पुसावी याचा क्षणभर विचार केला आणि तशाच निघून गेल्या. भांडारपालाच्या हातात तेव्हा पृथ्वीचा गोल होता. तो पुसता पुसता आपण एका महासागराचा निम्मा रंग काढून टाकलाय, हे त्याच्या लक्षात संध्याकाळी कुलूप लावताना आलं.

दुसऱ्या कोणाला यात घाबरण्यासारखं काय आहे हेच उमगलं नसतं. माणसं दिवसातून शंभरदा हो म्हणतात. फोनवर समोरचा बोलायचा थांबावा म्हणून म्हणतात, डॉक्टरांसमोर पथ्य पाळल्याचं म्हणतात, आणि ते विसरूनही जातात. पण भांडारपालाचं पोट त्यावरच चालत होतं. कागदोपत्री तो या अध्यापक महाविद्यालयाच्या साहित्य-भांडाराचा सांभाळ करणारा माणूस होता. म्हणजे दोनशे तक्ते, नकाशांच्या गुंडाळ्या, अकरा मोजपट्ट्या, एक सांगाडा आणि प्लास्टरची दोन हृदयं, त्यातलं एक फुटलेलं. प्रत्यक्षात गेली एकोणतीस वर्षं त्याचं खरं काम निराळंच होतं. रोज अकरा वाजता सराववर्गात जायचं, तिसऱ्या बाकावर बसायचं, आणि शिकवलेलं कळलं नाही तर कळलं नाही म्हणून सांगायचं. होणारे शिक्षक एकमेकांना विद्यार्थी करून शिकवण्याचा सराव करतात, तसा इथंही करत. पण आज जो फळ्यापाशी उभा आहे तो उद्या आपल्यासमोर बसणार आहे हे ठाऊक असल्यामुळे सगळेच एकमेकांना भराभर समजत असत. 'कळलं का?' म्हणायचा अवकाश, चाळीस माना एका वेळी डोलत. त्या चाळिसांत एक मान खरी हवी होती. ती भांडारपालाची होती.

ती मान सापडली कशी, याची हकिकत तो क्वचितच कोणाला सांगे, कारण सांगितली की ऐकणाऱ्याला ती बनवलेली वाटे. तेव्हा महाविद्यालय म्हणजे एका बंद पडलेल्या शिवणयंत्रांच्या गोदामातल्या दोन खोल्या होत्या, आणि तो एका सुताराच्या हाताखाली काम करत होता. नवीन बाकांपैकी एकाचा पाय डुगडुगतो अशी तक्रार आली म्हणून सुतारानं त्याला पाठवलं. आत पाठ चालू होता. त्यानं वाकून पायाखाली पाचर ठोकली आणि आता हलतं का ते बघायला बाकावर जाऊन बसला. समोर एक तरुण घामाघूम होऊन अपूर्णांक शिकवत होता. त्यानं विचारलं, कळलं? चाळीस जण म्हणाले, हो. भांडारपाल म्हणाला, नाही. हे त्यानं काही हिमतीनं म्हटलं नव्हतं. त्याला विचारलंय असं वाटलं आणि त्याला खरंच कळलं नव्हतं, इतकंच. आठवीत शाळा सुटली तीही याच कारणानं सुटली होती. वर्गात सगळे पुढं जात आणि तो एकटा अर्ध्या वाटेवर 'पण का' म्हणून उभा राही, आणि एक दिवस मास्तरांनी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं की मुलगा वाईट नाही, पण थांबतो फार. गोदामातल्या खोलीत मागच्या भिंतीला टेकून जुन्या बाई बसल्या होत्या. महाविद्यालय त्यांनीच काढलेलं. पहिल्या प्राचार्य त्याच, कारकून त्याच, घंटाही त्याच वाजवत. त्या उठून आल्या, त्याच्याकडे आणि पाचरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या चाळीस जणांना खोटं कळतं. तुला खरं कळत नाही. उद्यापासून ये."

तो आला. आणि बाईंनी त्याला दोनच अटी घातल्या: खोटं हो म्हणायचं नाही आणि खोटं नाहीही म्हणायचं नाही. या दुसऱ्या अटीचा अर्थ त्याला वर्षभरानं लागला. वर्षभरात एका मुलीनं त्याला अपूर्णांक असे समजावले की तो घरी जाताना रस्त्यावरच्या सगळ्या खिडक्यांचे पाव-अर्धे भाग करत गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना सांगितलं. बाईंनी कपाटातून एक वही काढली. तिच्यात पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याला न कळणाऱ्या एकसष्ट पाठांची यादी केली होती. त्यातलं 'अपूर्णांक' त्यांनी एका रेघेनं खोडलं आणि म्हणाल्या, आता या पाठाला तू बसायचं नाहीस, तू बाद. म्हणजे ही नोकरी अशी होती की काम नीट झालं की ती थोडी कमी होत जाई. दुसऱ्या नोकऱ्यांत माणूस अनुभवानं वर चढतो. भांडारपाल अनुभवानं संपत चालला होता. बाष्पीभवन गेलं, क्षेत्रफळ गेलं, चंद्राच्या कला गेल्या (त्या दिवशी त्याला दिवसभर उगाच उदास वाटत राहिलं). बाई गेल्या तेव्हा यादीत एकोणीस उरले होते. आता चार होते. आणि त्या चारांतला एक शून्याचा होता.

शून्यानं भागायचं नाही. का भागायचं नाही, हे एकोणतीस वर्षांत शंभरावर लोकांनी त्याला सांगितलं होतं आणि त्यातलं एकही सांगणं त्याच्या आत जाऊन बसलं नव्हतं. बहुतेक जण खडू वाटत. सहा खडू दोघांत वाटले, प्रत्येकाला तीन. सहा खडू तिघांत वाटले, प्रत्येकाला दोन. सहा खडू कोणातच नाही वाटले तर? इथं ते विजयी चेहऱ्यानं थांबत. वाटायला कोणी नाहीच, तर वाटणार कसे? आणि भांडारपाल तिसऱ्या बाकावरून म्हणे, मग खडू माझ्याकडेच राहतील की. म्हणजे उत्तर सहा. यावर कोणी हसे, कोणी चिडे, एक जण तर खडू टेबलावर ठेवून बाहेर निघून गेला आणि पुढं त्यानं विमा कंपनीत नोकरी धरली. शेवटी सगळे एकाच शब्दाशी येऊन थांबत: नियम. नियम आहे तसा. नियम म्हटलं की भांडारपालाला बंद दार दिसे, त्यावर 'आत येऊ नये' अशी पाटी, आणि दारापलीकडे खडूंचा ढीग. हे लोक आत का जाऊ देत नाहीत याचं त्याला फार दिवस मनापासून वाईट वाटे.

बावीस वर्षांपूर्वी एका बारीक, भराभर बोलणाऱ्या मुलीनं शेवटच्या परीक्षेच्या पाठाला हाच विषय घेतला होता. तिनं खडू वाटले, तो म्हणाला सहा. तिनं परत वाटले, तो परत म्हणाला सहा. तिनं खडूंऐवजी पेन्सिली घेतल्या, जणू चूक खडूंची होती. सातव्यांदा ती म्हणाली, अहो, नियम आहे तो, आणि तिचा आवाज मध्येच फाटला. "कळलं का?" तिनं विचारलं, जवळजवळ विनवणीच. सगळ्या वर्गानं मागं वळून त्याच्याकडे बघितलं. त्याला तिची दया आली होती, हे त्याला आजही आठवतं. पोटातून अगदी जिभेपर्यंत हो आलं होतं. पण मागच्या भिंतीशी बाई बसल्या होत्या. तो म्हणाला, नाही. ती मुलगी नापास झाली, वर्षभर थांबली, पुढच्या वर्षी पर्जन्यमापक घेऊन पास झाली, आणि मग शिकत शिकत, शिकवत शिकवत, मोठमोठ्या पदव्या घेऊन चौदा वर्षांनी इथंच प्राचार्य म्हणून आली. आल्या दिवशी स्टोअरमध्ये डोकावून म्हणाली, काका, ओळखलंत? ओळखलं होतं. त्यानंतर त्या विषयावर दोघं एक अक्षर बोलले नाहीत. प्राचार्य मॅडम समोरून आल्या की भांडारपाल नकाशा उलगडायला घेई, आणि त्या मुद्दाम थांबून नकाशा कुठल्या खंडाचा आहे ते विचारत.

शनिवारी सकाळी चौकात पोलिसानं गाड्या अडवण्यासाठी हात वर केला आणि भांडारपालानं मान डोलावली. पोलिसानं त्याच्याकडे चमकून बघितलं. पुढं पावाच्या दुकानात बाई म्हणाली, आज जरा कडक आहे, चालेल? त्याची मान परत हलली, आणि त्याला तो पाव मुळीच चालणार नव्हता. तो घाबरला. मान ही त्याची एकमेव हत्यारपेटी होती आणि तिचं झाकण आपोआप उघडायला लागलं होतं. तो पाव छातीशी धरून, मान ताठ ठेवून, मानेचं दुखणं झालेल्या माणसासारखा चालत आला. सरळ फाटकाशी येऊन थांबला. फाटकावर बांबूची परांची बांधून रंगारी उभा होता. जुन्या कमानीवरचं 'अध्यापक महाविद्यालय' खरवडून झालं होतं आणि नव्या अक्षरांसाठी त्यानं पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढून ठेवला होता. समितीनं दर्जा दिला तर तिथं 'विद्यापीठ' लिहायचं होतं, नाही दिला तर जुनंच परत. रंगारी दोन्हीला तयार होता. म्हणाला, मला काय, अक्षरं कमी झाली तर बरंच आहे.

विद्यापीठ एका दिवसात होत नाही. ते खोली खोलीनं होतं, हे भांडारपालाइतकं कोणालाच माहीत नव्हतं, कारण प्रत्येक खोली रिकामी करताना तिच्यातलं सामान त्याच्याकडेच आलं होतं. दोन खोल्यांच्या चार झाल्या तेव्हा एका वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. मग कोणीतरी म्हणालं, विज्ञान शिकवायचं कसं हे शिकवायचं तर आधी विज्ञान यायला हवं. म्हणून विज्ञानाचा विभाग निघाला. त्याच न्यायानं भाषेचा निघाला, इतिहासाचा निघाला. शिक्षकांना शाळा चालवावी लागते म्हणून व्यवस्थापनाचा निघाला, आणि तिथं शाळा चालवू न इच्छिणारी मुलंच जास्त आली. वसतिगृह झालं. गोदामाच्या मागं सहा मजली इमारत उभी राहिली, तिच्या तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबत नाही कारण तो मजला नंतर मध्ये घातला असं सगळे म्हणतात. विद्यापीठाला पाच विद्याशाखा लागतात. यांच्याकडे साडेचार होत्या. अर्धी म्हणजे संगीताचे एक सर आणि कवायतीचे एक सर. त्या दोघांची मिळून 'अभिव्यक्ती आणि शारीर विद्याशाखा' झाली, आणि आता ते दोघं एकमेकांना विभागप्रमुख म्हणून हाक मारतात. ग्रंथालयं पाच हवीत म्हणून एका ग्रंथालयात कपाटांच्या चार भिंती केल्या आणि प्रत्येकाला वेगळं दार दिलं. या सगळ्या वाढीत खोटं असं काही नव्हतं, हेच भांडारपालाला चमत्कारिक वाटे. मुलं खरी होती, पुस्तकं खरी होती, संगीताचे सर तर फारच खरे होते. नुसतं वरचं नाव बदलायचं तेवढं त्याच्या होकारावर अडलं होतं. समितीच्या नियमावलीत एक ओळ होती: मूळ संस्था अध्यापनाची असल्याने तिच्या प्रमुखांनी एक आदर्श पाठ घेऊन दाखवावा. आणि हा पाठ कळला की नाही हे ज्याच्या मानेवरून ठरतं तो माणूस इथं आहे, ही गोष्ट कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्यानं लेखात लिहिली होती. अध्यक्षांनी ती वाचली होती आणि कळवलं होतं की त्या गृहस्थांना बसवावं.

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलून विचारत असे, आता? की आता? पहिलं बरं की दुसरं? रविवारी त्यानं तिला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली की निम्मे लोक दुसरं म्हणतात ते दुसरं बरं दिसतं म्हणून म्हणत नाहीत, मागं रांग असते म्हणून म्हणतात. मग घरी जातात आणि आठ दिवसांनी येऊन भांडतात. पण मी काय त्यांना भिंगं नाही देत? देते. भांडारपाल म्हणाला, मग ते चूक दिसतं त्याचं काय? ती म्हणाली, त्यांना चालतंय तर तुमचं काय जातंय. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्याशी लग्न करताना तुम्हाला काय कळलं होतं? तरी हो म्हणालातच ना. गेलं का काही वाईट?" हा मुद्दा बिनतोड होता. त्यावर तो दुपारभर विचार करत राहिला आणि संध्याकाळपर्यंत त्याला एवढंच आठवलं की तेव्हा त्याला खरंच सगळं कळल्यासारखं वाटलं होतं. हे त्यानं तिला सांगितलं तेव्हा ती हसली आणि वाटाण्यांत मीठ टाकायला विसरली.

सोमवारी हेड क्लार्कनं त्याला बोलावलं. सगळ्यांचे नवे अर्ज भरून घेत होते; दर्जा मिळाला की प्रत्येक पद एकेक पायरी वर सरकणार होतं. अधिव्याख्याता वर, प्रपाठक वर, शिपायालाही 'बहुकार्य सहायक' म्हणायचं ठरलं होतं. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात भांडारपालानं शिकवलेलं न कळणे असं लिहिलं होतं. हेड क्लार्कनं चष्मा कपाळावर चढवला. म्हणाला, काका, हे पद कुठल्याच तक्त्यात बसत नाही, नुसतं भांडार लिहा. आणि आवाज खाली आणून म्हणाला की मॅडम तुमच्यासाठी काहीतरी करतायत म्हणे. बुधवार नीट पार पाडा म्हणजे झालं. तेव्हा भांडारपालाला कळलं की ही बातमी फक्त त्याच्या आणि मॅडमच्या मध्ये राहिलेली नाही. त्यानंतर त्याला जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, पाचही ग्रंथालयांच्या पाचही दारांत माणसं भेटत आणि ओळखीचं हसत. संगीताच्या सरांनी तर त्याचा हात हातात घेऊन दाबला. कोणीच काही बोललं नाही, आणि म्हणून त्याला कोणालाच नकार देता आला नाही. सव्वाशे माणसं, सहा मजले, वसतिगृहातली चारशे मुलं, सगळी आपल्या मानेवर येऊन बसली आहेत असं त्याला वाटू लागलं. आणि जुन्या बाई, ज्या आता कुठंच नव्हत्या, त्याच नेमक्या मागच्या भिंतीशी अधिकाधिक ठळक बसू लागल्या. मॅडमना तरी वाईट म्हणावं तर तेही जमेना. त्या स्वतःसाठी मागत नव्हत्या. आणि समजा मागत असल्या तरी बावीस वर्षांनी एक हो मागणं हे काही फार नाही. त्यानं स्वतःशी ठरवलं: पाठ ऐकायचाच नाही. कान बंद ठेवायचे, शेवटी हो म्हणायचं. न ऐकलेल्या पाठाला हो म्हटलं तर ते खोटं कसं? या युक्तिवादानं त्याला जेमतेम अर्धा तास समाधान दिलं.

बुधवारी समिती आली. पाच जण होते. त्यांनी सकाळभर नळ, पायऱ्या आणि पुस्तकं मोजली. त्यातल्या एका बाईंना तिसऱ्या ग्रंथालयात पहिल्याच ग्रंथालयाचा पंखा दिसला, पण त्या काही बोलल्या नाहीत. बरोबर अकरा वाजता सराववर्ग भरला. भांडारपाल तिसऱ्या बाकावर जाऊन बसला. अध्यक्ष त्याच्या उजवीकडे, हातभर अंतरावर. ते निवृत्त रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या कोटाला कापराचा वास येत होता. मॅडम आत आल्या त्या रिकाम्या हातानं; तक्ते नाहीत, खडूंचा खोकाही नाही. त्या फळ्याकडे वळल्या आणि लिहिलं: सहा भागिले शून्य. भांडारपालानं ते दोनदा वाचलं. पर्जन्यमापक का नाही घेतला हिनं? यादीतले चार सोडून जगातला कुठलाही पाठ घेतला असता तर तो बाद ठरून बाहेर बसला असता आणि सगळं सुखरूप झालं असतं. मग त्याला वाटलं, तिलाही हाच हवा असणार. बावीस वर्षं.

त्यानं ठरवल्याप्रमाणे कान बंद केले. पण एकोणतीस वर्षांची सवय. कान बंद होईनात. मॅडम खडू वाटत नव्हत्या. त्या म्हणत होत्या की भागाकार म्हणजे वाटणी असं आपण धरून बसलो, तिथंच गाडी अडते. भागाकार म्हणजे शोध आहे. सहा भागिले दोन म्हणजे काय विचारलंय? असा कोण आहे, की ज्याला दोननं गुणलं तर सहा येतात? वर्ग म्हणाला, तीन. तीन सापडला. आता सहा भागिले शून्य. असा कोण आहे, की ज्याला शून्यानं गुणलं तर सहा येतात? शोधा. त्या बोलायच्या थांबल्या आणि खरंच थांबून राहिल्या. भांडारपालानं, नको नको म्हणत असताना, मनातल्या मनात एकाला बोलावलं. एक गुणिले शून्य, शून्य. जा. दोनाला बोलावलं, तोही शून्य झाला. मग त्यानं एकदम सहालाच बोलावलं, कारण एकोणतीस वर्षं तो सहाच्याच बाजूनं भांडत आला होता. सहा गुणिले शून्य, शून्य. सहा मान खाली घालून निघून गेला. शंभर, हजार, एक लाख, वसतिगृहातली सगळी मुलं गुणिले शून्य. एकेक जण येत होता आणि दारातच विरघळत होता. आणि मग त्याच्या मानेच्या मागच्या बाजूला, जिथं केस संपतात तिथं, गार पाण्याचा थेंब पडावा तसं झालं. कोणी येणारच नाही. मुळात असा कोणी नाहीच. ही बंदी नव्हती. दारावर पाटी नव्हती, दार नव्हतं, दारामागं खडूंचा ढीग नव्हता. इतकी वर्षं आपण एका मोकळ्या मैदानात उभं राहून आत का सोडत नाही म्हणून भांडत होतो. त्याला हसू आलं. त्याला हेही जाणवलं की आपले डोळे भरून आलेत, आणि अध्यक्ष त्याच्याकडे बघताहेत.

"कळलं का?" मॅडमनी विचारलं, आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात पाठ संपल्याचा आनंद नव्हता. शुक्रवारची आठवण होती. तेव्हा भांडारपालाच्या ध्यानात आलं की आपण कसल्या कोंडीत सापडलोय. हो म्हटलं तर ते खरं होतं, आणि या खोलीत निदान निम्म्या लोकांना ते सांगितल्याबरहुकूम म्हटलेलं वाटणार होतं. मॅडमना तर नक्कीच. नाही म्हटलं तर तो खोटं बोलणार होता, आणि जन्मभराचा खरा माणूस म्हणून सगळे त्याला ओळखणार होते. पाच-सहा क्षण गेले असतील. संगीताच्या सरांनी डोळे मिटून घेतले होते. बाईंची दुसरी अट पहिल्यांदाच त्याच्या कामी आली. "कळलं," तो म्हणाला. बाकांवरून एक मोठा सुस्कारा उठला. अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि कोटाच्या खिशातून रुमाल काढून त्याच्या पुढं केला.

दीड महिन्यानं दर्जा मिळाला. रंगाऱ्यानं पांढऱ्या पट्ट्यावर 'विद्यापीठ' लिहिलं आणि अक्षरं कमी निघाल्यामुळे उरलेल्या जागेत एक कमळ काढलं. मॅडम कुलगुरू झाल्या. खडूंची जुनी खोली रिकामी करून त्यांच्यासाठी दालन केलं. तिथं आता कितीही झाडलं तरी काळे कोट पांढरे होतात. भांडारपालानं वही काढून शून्याच्या पाठावर स्वतःच रेघ मारली. यादीत तीन उरले. खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता आणि आतून कुठंतरी होतही होता. रस्त्यानं जाताना तो अजून एखाद्या आकड्याला बोलवून बघे आणि तो विरघळला की खूश होई. पण हे कोणाला सांगायची सोय राहिली नव्हती. एकदा त्यानं हेड क्लार्कला सांगितलं, मला खरंच कळलं होतं. हेड क्लार्क म्हणाला, हो हो काका, आम्हालाही खरंच कळलं होतं, आणि चहा मागवला. नवे विद्यार्थी सराववर्गात आता त्याच्याकडे वळून बघत नसत. त्याच्या नाहीला कोणी फारसं दचकत नसे. एक मुलगा तर पाठाआधी स्टोअरमध्ये येऊन मोठ्या आदरानं म्हणाला की काका, माझा पाठ गुरुवारी आहे, जरा बघा. आणि मॅडम जिन्यात दिसल्या की आता त्याच नजर चुकवत. मग एक दिवस पाकीट आलं. 'अध्ययन-प्रतिसाद अधिकारी', नवं पद, कुलगुरूंच्या सहीनं. तिसऱ्या बाकाला त्यांनी तक्त्यात जागा करून दिली होती.

पाकीट घेऊन तो दालनात गेला. बाहेर पाच विद्याशाखांचे प्रमुख फायली घेऊन बसले होते; तरी त्याला आधी आत सोडलं, आणि त्या पाचांनी एकमेकांकडे बघितलं. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पाकीट पाहिलं आणि म्हणाल्या, परत करायला आलात ना. तो म्हणाला, अजून ठरलं नाही. त्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ टेबलावरच्या पांढऱ्या धुळीत बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, तो पाठ मी तीन महिने बसवत होते. घरात, भिंतीसमोर. तो चांगला होता की नाही हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच मी आधी जाऊन भेटले. आता तुम्ही कळलं म्हणालात तरी मला खरं वाटणार नाही. नाही म्हणालात तर ते ऐकायची माझी हिंमत नाही. म्हणजे मला हे कधीच कळणार नाही." त्यांचा आवाज मध्येच फाटला.

भांडारपाल उभाच होता. तोंडाशी आलेलं 'खरंच कळलं' त्यानं गिळलं. आता त्याचा उपयोग नव्हता. पण त्या बुधवारपासून त्याच्या डोक्यात एक गोष्ट फिरत होती आणि विचारायला योग्य माणूस त्याला भेटला नव्हता.

"मॅडम, एक शंका आहे," तो म्हणाला. "सहा भागिले शून्य म्हटलं की कोणी सापडत नाही. ते झालं. पण शून्य भागिले शून्य म्हटलं तर? तिथं मी एकाला बोलावलं, तो चालला. सातला बोलावलं, तोही चालला. एक लाख चालला. जो येईल तो चालतोय. मग त्यातला खरा कोणता धरायचा?"

मॅडमनी वर बघितलं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग त्यांच्या भुवया हळूहळू जवळ आल्या, आणि त्या एकदम त्या बारीक, भराभर बोलणाऱ्या मुलीसारख्या दिसायला लागल्या.

"हे कधी सुचलं तुम्हाला?"

"त्या दिवशीच. तुम्ही कळलं का विचारलंत, तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"समिती होती," भांडारपाल म्हणाला.

मॅडमनी समोरचा कागद ओढला, शून्य लिहिलं, खाली आडवी रेघ मारली, रेघेखाली आणखी एक शून्य लिहिलं. फोन वाजायला लागला. त्यांनी तो न बघताच बाजूला सारला. दारातून अभिव्यक्ती आणि शारीर विद्याशाखेचं डोकं आत आलं आणि त्यांचा चेहरा बघून परत गेलं. "बसा काका," त्या कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "याला जरा वेळ लागेल." आणि भांडारपाल खुर्ची पुढं ओढून बसला, कारण त्याला खरोखरच उत्तर माहीत नव्हतं.